कोरी वाटी

१८ नोव्हेंबर १९७१

चार वर्षांनी जबलपुरात उतरलो आणि रिक्षावाला विचारतो, "बाबूजी, पहली बार आए हो?" मी नुसता हसलो. तीस वर्षं इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात रसायनं तपासली, त्याला काय सांगू! अनसूया गेल्यावर नागपूरला भावाकडे जाऊन बसलो होतो, पण करमेना. म्हाताऱ्या माणसाला शेवटी आपलंच गाव लागतं बाप्पा. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात बेबीताईंकडे खोली मिळाली. खिडकीत चिंचेची फांदी येते, चौथीच्या कवितेत होती तशी.

नोकरी रिछाईकडच्या रस्त्यावर, एका छोट्या प्रयोगशाळेत. अणुभट्टीत वापरायचा धातू इथं तपासतात. प्रमुख विभावरी, तिशीही ओलांडली नसेल. पहिल्या वाक्यात मला अण्णा म्हणाली, दुसऱ्यात दम दिला, कारण काम करताना कविता पुटपुटायची माझी सवय. कविता म्हणा, पण वाटीवर वाकून नका म्हणू, थुंकी उडते. पोरगी आवडली मला.

२० नोव्हेंबर

या धातूत बोरॉन नको. दहा लाख भागांत अर्धा भागही नको, कारण भट्टी ज्या कणांवर चालते ते कण तो गिळून टाकतो. म्हणून इथं काचेची भांडी नाहीत, काचेतही तो असतो. प्लॅटिनमच्या वाट्या. डोळे धुवायची बोरिक पावडर, तीही बोरॉनचीच, ती तर फाटकाच्या आत आणायची नाही. गावात डोळ्यांची साथ आहे, तरी नाही.

तपासणीची रीत मात्र घरगुती. नमुना विरघळवायचा, त्यात हळदीचा अर्क आणि ऑक्झॅलिक आम्ल घालायचं, मंद वाफेवर सुकवायचं. पिवळं राहिलं तर शुद्ध, लाल झालं तर बोरॉन. मला हसूच आलं. अनसूया घरी हेच करायची की! हळकुंडं, लिंबाचा रस आणि टाकणखार, म्हणजे बोरॉनच. असं तिचं कुंकू व्हायचं. तिची हळद लाल झाली की ती खूश. आमची झाली की आम्ही नापास.

दर खेपेला एक कोरी वाटी ठेवतात. तिच्यात सगळं असतं, फक्त धातू नसतो. ती पिवळीच राहिली पाहिजे, नाहीतर त्या खेपेचं सगळं काम फुकट. कोऱ्या वाट्या माझ्याकडे दिल्यात. सलग दहा पिवळ्या आल्या की नोकरी पक्की. सुकायला तासभर लागतो. तेवढ्यात चौथीपासून मॅट्रिकपर्यंतच्या सगळ्या कविता म्हणून होतात.

२५ नोव्हेंबर

चार पिवळ्या आल्या होत्या. पाचवी लाल.

सहावीही. विभावरीनं त्याच बाटलीतलं पाणी, तोच अर्क घेऊन स्वतः एक ठेवली. तिची पिवळी. "अण्णा, तुमचीच काहून लाल होऊन राहिली?" असं म्हणून तिनं माझे हात उलटेपालटे करून पाहिले. कोणता साबण, केसांना काय लावता, सगळं विचारून झालं. नखं कापली. शुद्ध पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. बेबीताई म्हणाल्या, भैया, एवढं तर आम्ही सोवळ्यातही नाही धूत.

२९ नोव्हेंबर

आज लाल रंग वाटीभर पसरला नाही. मधोमध गोल टिकली. कपाळावर लावतात तेवढी.

मधोमध नाही. थोडी डावीकडे.

शेवटची दोन वर्षं अनसूयेला दिसत नव्हतं. कुंकू ती चाचपून लावायची, ते डावीकडे सरकायचं. बाहेर निघताना मी बोटानं सरळ करायचो. विभावरीला हे सांगितलं नाही. ती म्हणाली, अजून एक आठवडा बघते, मग दुसरा माणूस घ्यावा लागेल.

४ डिसेंबर

लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळा कागद लावून राहिलो. विभावरी बाहेर कागद मोजत होती, आत मी एकटा. चौथीची ती चिंचेची कविता म्हणताना ठसका लागला, दुसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीवर थांबलो.

तिसरी ओळ मागून आली.

हळू, बाईच्या आवाजात. त्या ओळीत अनसूया नेहमी एक शब्द चुकायची. मी जन्मभर चिडवलं तिला त्यावरून.

शब्द तसाच चुकला.

६ डिसेंबर

कुणाला सांगितलं नाही ते लिहितो.

पासष्टची लढाई. कारखान्यात सोळा-सोळा तास. अनसूयेचे डोळे आले होते. मी तिथल्या कपाटातून बोरिकची पुडी बांधून आणली. शेजारच्या बरणीत ऑक्झॅलिक होतं. दोन्ही पांढरी. पाण्यात कालवून मीच तिचे डोळे धुवायचो. जळतंय हो, म्हणाली. मी म्हणालो, "थोडं जळणारच, औषध आहे. वर बघ. कविता संपेपर्यंत उघडे ठेव."

तिनं ठेवले. तीन दिवस. पूर्ण कविता.

चौथ्या दिवशी मी बरणी पाहिली. पुडी ऑक्झॅलिकची होती. डोळे साथीनं गेले, असं सगळ्यांना सांगितलं. तिलाही. दोन वर्षं ती म्हणत राहिली, किती करता हो माझ्यासाठी. तसंच म्हणत गेली.

घरात हळद होती. तिच्याच हाताचं कुंकू व्हायचं. चिमूटभर पुडी हळदीत टाकून पाहिली असती तर लगेच कळलं असतं, लाल नाही म्हणजे बोरिक नाही. मी तीस वर्षं रसायनं तपासली आणि—

८ डिसेंबर

माझे डोळे आले. विभावरीनं घरी पाठवलं. म्हणाली, बरे झाले तरी येऊ नका अण्णा. रडवेली झाली होती. शेवटच्या वाटीत तिला बोटाचा ठसा दिसला. माझा नाही. लहान.

खोलीवर आलो तर टेबलावर पुडी. बेबीताई म्हणतात, मी नाही ठेवली. घडी माझी आहे. मी बांधतो तशी. कागद सप्टेंबर पासष्टच्या वर्तमानपत्राचा.

९ डिसेंबर, सकाळ

बेबीताईंची हळद घेतली, स्पिरिट, लिंबू. पुडीतली चिमूट घातली. वाफेवर सुकवली.

पिवळी.

इतक्या दिवसांनी माझ्या हातची पिवळी—

दुपार

ती समोर बसलीय. कुंकू डावीकडे. सरळ करायला बोट नेलं. ओलं आहे.

सगळं सांगितलं. सहा वर्षांचं. ऐकता ऐकता ती पुडी पाण्यात कालवून राहिली. मी फेकू शकलो असतो. हात धरू शकलो असतो—

"थोडं जळणारच," म्हणते. आवाजात राग नाही. राग असता तर पळालो असतो.

अक्षरं ओळीवर आहेत का, दिसत नाही. वर बघा म्हणते. कविता संपेपर्यंत उघडे ठेवा.

पहिलं कडवं झालं. दोघं मिळून म्हणतो आहोत. आता दुसऱ्यात तो शब्द येईल, ती चुकेल, या खेपेला मी तिला चिडव—