चैतन्यच्या नावाचं प्रमाणपत्र

मुलुंड पूर्व,
९ फेब्रुवारी २०२५

चि. चैतन्य,

आशीर्वाद आहेतच, पण आज रागातले आहेत. फोन केला की "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, म्हणून कागदावर लिहितेय. गुडघा बरा आहे. तेजलच्या तिळाच्या वड्या संपल्या, सूनबाईला सांग.

तुझा टॅब्लेट इथेच आहे. सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय बोटीची चावी मिळणार नाही, असं मढच्या तुमच्या बोटक्लबनं सांगितलं आणि तू तो कोर्स माझ्यावर ढकललास. "प्रत्येक पानावर दोन मिनिटं थांबावं लागतं गं, कुणाला वेळ आहे? तू मेथी निवडता निवडता पुढे पुढे दाबत जा. परीक्षेची उत्तरं क्लबमधला धवल देणारे."

मी नुसतं दाबलं नाही. वाचलं. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी न वाचता टाकलेला नाही, हे तू विसरलास. हिंदीत होतं. चार दुपारी लागल्या.

अकरावा धडा, माणूस पाण्यात पडला तर. आधी ओरडून सगळ्यांना सांगायचं. मग एकानं त्याच्या दिशेनं हात रोखून फक्त त्याच्याकडे बघत राहायचं. काही झालं तरी नजर हटवायची नाही. दोरी, जॅकेट बाकीचे बघतील.

तुझे बाबा पडले तेव्हा आपण तिघंही खाली वाकलो होतो रे. तू इंजिनशी, तेजल दोरी शोधत, मी बाकाखालून जॅकेट ओढत. मान वर केली तेव्हा सगळीकडे सारखंच पाणी.

एवढीशी गोष्ट. चौथीतल्या पोराच्या लक्षात राहील. ती आपल्याला कुणी सांगितली नव्हती, याचा इतका संताप आला की टॅब्लेट पालथा घालून ठेवला. आणि आता कुणी सांगतंय, तर तू धवलकडून उत्तरं आणणार!

चार वर्षं तू म्हणतोस, "मी वळण जोरात घेतलं." मी म्हणते, लाट आली. "बाबांनी जॅकेट घातलंय का, ते मी बघितलं नाही," म्हणून तू रडतोस, आणि मी गप्प बसते. त्यांनी घातलं होतं, चैतन्य. तुम्ही दोघं पुढे होतात. मीच म्हटलं, "अहो, काढा ते, फोटोत नवा शर्ट दिसू दे." माझं ते एरवी ऐकत नसत. त्या दिवशी ऐकलं.

परीक्षा मी माझ्या डोक्यानं दिली. चाळीसपैकी सदतीस. प्रमाणपत्रावर नाव तुझं. मी क्लबला फोन करून खरं सांगितलं. तिथल्या अनुपमा मॅडम म्हणाल्या, "आजी, कशाला सांगताय? अर्धे लोक असंच करतात."

म्हटलं, "माझा माणूस गेलाय, म्हणून सांगतेय."

त्यांनी ते रद्द केलं.

तू चिडशील. तुमची रविवारची सफर बोंबलेल. बोंबलू दे. कोर्स आता पहिल्या पानापासून करावा लागेल. तो इथे, माझ्यासमोर बसून कर. अकराव्या धड्याला मला उठून आत जावंसं वाटेल. पण मी बसेन.

चार वर्षं तुला एकट्याला दोष वाहू देणारी,
तुझी आई