काजळमायची शिंगं

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सकाळी ६.१०

चादरीच्या नक्षीचा शेवटचा चौकोन भरला. पेन्सिल ठेवली आणि परत पहिल्यापासून मोजायला घेतलं. दोनशे चाळीस आडवे, तीनशे छत्तीस उभे. एकही चुकलेला नाही. उद्या पुन्हा मोजीन.

सात महिने लागले. काजळमाय पूर्ण! लहानपणी संध्याकाळी पाच वाजता टीव्हीवर यायची तशीच – पायांपर्यंत काळे केस, डोक्यावर दोन शिंगं, चिमटीत गावातला चोरलेला दिवा. ‘सात दिव्यांचं गाव’ या कार्टूनचा एकही भाग मी चुकवला नाही. शाळा चुकवली. नववीनंतर गेलोच नाही.

आता खरी माणसं घेऊन तिच्यावर सिनेमा येतोय, २१ तारखेला. गोष्ट म्हणे तिच्या बाजूने सांगणार.

आमच्या चादर कारखान्याच्या सिद्धाराम मालकांनी आलेखाचा कागद उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला. म्हणाले, “राक्षसीण पांघरून कोण झोपणार रे?” मी म्हणालो, आमच्या चाहत्यांच्या गटात अकराशे जण आहेत. मग म्हणाले, “साठ चादरी विणून देतो. नव्या वर्षाच्या आत साठ खपव. रामहरी मास्तरांचं टेबल तुझं. नाहीतर गपगुमान कार्डं ठोकायची.”

रामहरी मास्तर चाळीस वर्षं नक्षी काढायचे. डोळे गेले म्हणून गावी गेले. त्यांच्या टेबलावर सध्या जेवणाचे डबे असतात. मी पाच वर्षं दुसऱ्यांच्या नक्षीसाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतोय. साठ म्हणजे साठ. करणारच!

बुधवार, १२ नोव्हेंबर

ट्रेलर आला. शिंगं नाहीत!! केस पांढरे, तोंडाला काजळी फासलेली. आणि ती रडते.

गटात आग लागली. “ही काजळमाय का तिची आजी?” “आमच्या लहानपणाचा पार चुथडा केला.” “रडू द्या की, तिला पण मन हाय.” “मन होतं तर दिवे कशाला चोरले बे?” ऋतुजा नावाच्या मुलीने लिहिलं – सगळं गाव तिच्या मागे काठ्या घेऊन लागायचं तेव्हाही मला तिचीच काळजी वाटायची. तिला चाळीस जणांनी झोडपलं.

मी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

संगमेश भेटला. गट तोच चालवतो, इंजिनिअरिंगला आहे, बोलायला पक्का. नक्षी बघून भर चौकात मिठी मारली. “भावा! हीच खरी. त्या सिनेमावाल्यांना दाखवू सोलापूर काय असतं.” गटात जाहीर केलं – खऱ्या काजळमायची चादर, फक्त खऱ्या चाहत्यांसाठी. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न नावं. दोन नावं दोनदा आली होती, ती खोडली. पंचावन्न.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहिली चादर मागावरून उतरली. मी हात धुऊन आलो, तेवढ्यात धनलक्ष्मीअक्का ओरडली, “ओ युवराज! तुझी बाई म्हातारी झाली की!”

अक्का आमच्याकडे मागासाठी सुताच्या कांड्या भरते. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी. तिने चादर उलटी पसरली होती. वर जिथे काळा धागा, तिथे खाली पांढरा – हे मला माहीत नाही का? रोजचंच काम आहे. पण सात महिने मी वरचीच बाजू बघत बसलो. खालच्या बाजूला केस पांढरे, तोंड काळं, शिंगं वाऱ्यावर उडालेल्या बटांसारखी. हुबेहूब ट्रेलरमधली!

अक्का चादरीत डोकं घालून आतून बोलत होती. “वरून बघणाऱ्याला तरणी. पांघरणाऱ्याला मात्र हीच दिसती रे.”

हे मला सुचलंच नव्हतं. संगमेशला वरच्या बाजूचा फोटो पाठवला. खालच्या बाजूचा नाही पाठवला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सिनेमा बघितला. सकाळी सव्वानऊचा खेळ. तोंडाला रुमाल बांधून गेलो, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

चुका लिहायला वही नेली होती. मध्यंतरापर्यंत अकरा सापडल्या. सातवा दिवा वेशीवर हवा, यांनी विहिरीवर ठेवलाय. कार्टूनमध्ये कुत्रा तपकिरी होता. असं बरंच. मध्यंतरानंतर वही उघडली नाही.

तिची पोर दिव्याने भाजून मेलेली असते. म्हणून ती गावातले दिवे विझवत फिरते. पहिला दिवा दोन बोटांनी विझवते आणि मग बोटं पोळली का ते बघते. पोळलेली नसतात. तेव्हा ती रडते, आधी नाही. ट्रेलरमध्ये हे कळत नव्हतं.

मागचा एकजण म्हणाला, “चल बे, बोअर हाय.” पुढे एक बाई डोळे पुसत होती आणि तिचं पोरगं विचारत होतं, “आई, ही वाईट हाय ना? मग तू का रडतीस?”

शिंगं पाहिजे होती. पण मला आवडली. लिहिलं एकदाचं.

रविवार, २३ नोव्हेंबर

संगमेशने गटात नियम काढला. ज्याला चादर पाहिजे त्याने लिहायचं – ‘सिनेमा बघितला नाही, बघणार नाही.’ पंचावन्न जणांनी लिहिलं. खाली – “चादरवाले युवराज, तुम्ही?”

सोमवार, २४ नोव्हेंबर

नाही लिहिलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अक्का म्हणते, “लिहून मोकळा हो की. तुझं तिकीट बघायला कोण येतंय? टेबल मिळाल्यावर खरं बोल पायजे तेवढं.”

तिचं बरोबर असेल. पण मला एक चौकोन खोटा भरता येत नाही. पुढची सगळी ओळ सरकते.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दुपारी १.२० ला लिहिलं. जसंच्या तसं इथे उतरवतो: “मी सिनेमा बघितला. त्यात अकरा चुका आहेत. तरी मला आवडला. चादर जुन्याच काजळमायची आहे, पण उलट बाजूने ती नवीसारखी दिसते. दोन्ही फोटो देत आहे. – युवराज.”

चार मिनिटांत उत्तरं आली – “गद्दार.” “दोन्हीकडून खातोस का बे?” “सिनेमा कंपनीने किती दिले?” नव्या काजळमायवाले तर जास्तच चिडले: “आम्हाला उलट्या बाजूची उरलीसुरली नको.”

संगमेशचा फोन आला. मला वाटलं शिव्या देणार. “भावा, एक ओळ लिहायची होती रे. एक ओळ,” एवढंच म्हणाला. रडवेला वाटला.

शेहेचाळीस नावं गेली. नऊ राहिली. रात्री ऋतुजाने एक मागितली. दहा.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मालक: “साठ विणून झाल्यात. उरलेल्या पन्नास मी पांघरू का एकावर एक?” मग म्हणाले, “मंगळवार बाजारात बस जा. पण साठ म्हणजे साठ.”

बसतो. माणसांत ओरडायला जमत नाही, तरी बसतो.

मंगळवार, २ डिसेंबर

सात वाजता पथारी टाकली. शेजारी मिरच्यावाला. पहिले दोन तास मी तोंडच उघडलं नाही. मग एक बाई थांबली आणि चादरीच्या पाया पडली! सुनेला म्हणाली, “देवीवर पाय टाकून झोपायचं व्हय? काय दिवस आले बाई.” गेल्या दोघी. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मी सांगून टाकलं, “मावशी, देवी नाही हो, राक्षसीण आहे.” ती अजून लांब सरकली.

मिरच्यावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. “आरं, खोटं बोलता येईना तर गप तरी बस की!”

अकराच्या सुमारास एक धनगर म्हातारी आली, बरोबर नातू. केराबाई आणि मल्हार. त्यांची मेंढरं तिऱ्हे गावाच्या पुढे बसली आहेत. तिने आधी चादरीचं सूत चिमटीत चोळलं, वास घेतला, मग चेहरा बघितला.

“कोन ही?”

“काजळमाय. राक्षसीण आहे. गावातले दिवे चोरते.”

“का?”

जुन्या गोष्टीत कारण नाही, असं सांगितलं. नव्यात तिची पोर दिव्याने जळते, तेही सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं.

“पोर जळाल्यावर कोन बी दिवं इझवंल. त्यात काय सांगायचं?” मग डोळे बारीक करून – “पन राक्षसीण हाय न्हवं? नक्की?”

“नक्की.”

“मग दे. देवी आसती तर न्हेली नसती. देवीला रातभर थंडीत हुबी करता येत न्हाय. हिला मेंढरांच्या कुंपनाच्या जाळीवर बांदती.”

मी म्हणालो, “आजी, ही साधी चादर आहे. लांडगा चादरीला भीत नाही.”

“मला शिकवतोस व्हय रं? राखणीला तीन कुत्री हायती. ही आपली संगतीला.”

मल्हारने विचारलं, “आज्जे, कुठली बाजू भायेर करायची?”

“काळ्या केसाची भायेर. म्हातारी आत. कोकरं भ्यायची न्हाईत.”

अकराशे जणांच्या गटात तीन आठवडे भांडण चाललंय! म्हातारीने चिल्लर मोजता मोजता मिटवलं. धुतल्यावर रंग गेला तर धरायला म्हणून माझा नंबर घेतला.

मिरच्यावाल्याने एक चादर विकत घेऊन आपल्या दुकानावर टांगली आणि माझ्या वतीने ओरडायला लागला, “राक्षसीण घ्या राक्षसीण! दारात लावा, दिष्ट पळवा!” आणखी तीन गेल्या. एकूण पंधरा.

मंगळवार, ९ डिसेंबर

चौदा गेल्या. एकोणतीस. आज मीही ओरडलो. आवाज फाटला, पण ओरडलो.

मंगळवार, २३ डिसेंबर

बावन्न! एक टायरच्या दुकानात लागली आहे, एक रसवंतीवर. पांघरत कुणीच नाही. आठ राहिल्या. पुढच्या मंगळवारी संपतील. अक्काने आजच टेबलावरचे डबे खाली ठेवले आणि फडक्याने टेबल पुसलं.

रविवार, २८ डिसेंबर

केराबाईचा फोन. मल्हारने लावून दिला.

“लांडगा आला परवा. एक कोकरू न्हेलं.”

“आजी, मी तेव्हाच म्हणालो होतो –”

“आरं गप. गेल्या साली सात न्हेली. त्ये न्हाय. शिंगं चुकलीत तुजी.”

“कार्टूनमध्ये तशीच आहेत. मोजून काढली आहेत.”

“मग त्यांची बी चुकलीत. बैलाची न्हाईत, बकऱ्याची न्हाईत. डोक्यात दोन काट्या खोवल्यागत. मेंढ्याची काढ, वळलेली. आमचं मेंढरांचं चौदा वाडं हायती, समद्यास्नी एकेक पायजे. पन शिंगं बघून काढ. हितं ये.”

वहीत सिनेमाच्या अकरा चुका आहेत. आज नवीन पान काढलं. ‘जुन्यातल्या चुका’. १. शिंगं.

माझ्या कागदावरची काजळमाय दिवसभर बघितली. म्हातारीचं खरं आहे. आता दुसरं काही दिसतच नाही.

सोमवार, २९ डिसेंबर

मालकांना चौदा चादरींचं सांगितलं. खूश! “हात् तुझ्या! आहेत त्या आठ दे तिला. साठ झाल्या, बस टेबलावर.”

“ह्या देता येणार नाहीत. शिंगं चुकली आहेत.”

“उद्या बाजारात खपव मग.”

“बाजारातही नाही. चुकली आहेत, मालक.”

“अन् ह्याच शिंगांच्या बावन्न गेल्या त्या?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

माग चालू होते तरी सगळ्यांनी ऐकलं. अक्काने कपाळावर हात मारला. मालक म्हणाले, “म्हणजे टेबल नको तुला?”

म्हणालो, “पाहिजे. पण ह्या आठांवर नको. नवी नक्षी काढतो. चौदा चादरींना माग द्या.”

“टेबलाचं विसर. साठ ठरल्या होत्या.” मग जाता जाता म्हणाले, “शिंगं आण आधी. मग बघू.”

बुधवार, ३१ डिसेंबर. सकाळी ८.०५

केराबाईच्या वाड्यावर. चादर जाळीवर दिसली नाही. विचारलं. जिचं कोकरू गेलं त्या मेंढीच्या अंगावर घातली आहे. “पाच दिस झालं, धड चरंना. कुनाला जवळ येऊ देईना. ह्या राक्षसिणीला तेवढं ऱ्हाऊ दिलं.” गेलो नाही जवळ. लांबूनच बघितलं.

मल्हारने मेंढा धरलाय, तरी मान हलवतो. शिंग कानामागून वळून गालापर्यंत येतं. डावं थोडं आखूड. डावं आखूडच काढतोय. कागद मांडीवर.

खर्च: एसटी ३५, आलेखाचा कागद ४०, पेन्सिल १०. एकूण ८५.
देणे: चौदा चादरी.