दोनदा नापास

आदरणीय परीक्षकसाहेब,

सव्वीस वर्षांपूर्वी तुम्ही मला लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास केलंत. ट्रक मी आपला आपणच शिकलो, याची घरी फुशारकी मारली होती, त्यामुळे ‘पहिल्याच फेरीत पास’ असंच सांगत आलो.

आज या परक्या देशात ते लायसन्स बदलून इथलं घ्यायला बायकोसोबत गेलो. नोकरी त्याच्यावरच अडलेली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे परीक्षा न देताही मिळतं म्हणे. तुमची झाली होती?”

त्यांनी तुमच्या कचेरीतून मागवलेलं रजिस्टरचं पान पडद्यावर उघडलं. तुमचंच अक्षर!

‘चढावर गाडी चार बोटं मागे सरकली. नापास.’

‘आरसा न पाहता वळला. नापास.’

‘निर्दोष. पास.’

चार बोटं, साहेब! तुम्ही मोजली होतीत.

मी अर्थ सांगितला तशा बाई हसल्या. “दोनदा नापास करणारा माणूस परीक्षा खरीच घेतो.” शिक्का बसला.

शेजारून बायको म्हणाली, “पहिल्याच फेरीत ना हो?”

परीक्षेच्या वेळी रागात मी तुमचं नावही विचारलं नाही, म्हणून हे पत्र खिशातच राहील. येताना चढावर मुद्दाम गाडी थांबवली आणि पुन्हा काढली. बोटभरही सरकली नाही.

तिसऱ्या फेरीत पास झालेला,
तुमचा एक ड्रायव्हर