पावणेबाराची सावली आणि दक्षिणेकडची जागा

मी, अमेमिया हिसाए, वय चौऱ्याऐंशी, राहणार कोशू, यामानाशी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचं इथे काम नाही. मला कोणी भरीस पाडलेलं नाही. मुलाने प्रयत्न केला, ते कलम तीनमध्ये येईल.

१. राहतं घर, दक्षिणेची पडवी आणि वाळवणाच्या मांडण्या मुलगी सावाको हिला. तीस वर्षं दर नोव्हेंबरात पर्सिमॉनची फळं सोलून या पडवीत वाळायला टांगते ती तीच. सोलायचं यंत्र आणलंस तर घरात घेणार नाही असं मी तिला म्हणाले होते, ते शब्द मागे घेते.

२. टपाल खात्यातली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी.

३. पडवीसमोरची मोकळी जागा मुलगा यासुहिरो याला, घर बांधण्यासाठी. चाळीस वर्षांनी तो गावी परततो आहे, याचा मला फार आनंद आहे. पण अट आहे. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला आला तेव्हा त्याने भर दुपारी होणाऱ्या घराच्या उंचीचा बांबू रोवून सावली मोजली.

"आई, माझ्या दुमजली घराची सावली जेमतेम तीन मीटर पडेल. तुझ्या पडवीला शिवणारसुद्धा नाही. उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

"दादा, फळं ऑगस्टमध्ये वाळवतात का?" सावाको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

तर आता मी बोलते. माझ्या वडिलांनी लहानपणी एक पर्सिमॉन शिगेला टोचून, शीग एकाच बाजूला कललेली ठेवून पेटत्या शेगडीभोवती फेरी मारून दाखवली होती. अर्ध्या फेरीत फळाचा वरचा भाग विस्तवाकडे झुकतो, अर्ध्या फेरीत पाठ फिरवतो. पृथ्वीचं तसंच आहे. म्हणून उन्हाळ्यात सूर्य आमच्या डोक्यावरून जातो आणि हिवाळ्यात समोरच्या डोंगरांना खेटून. आज सावाकोने तोच बांबू त्याच जागी रोवला. पावणेबाराला मोजलं, कारण आमच्याकडे सूर्य घड्याळाच्या आधी मध्यावर येतो. तीन मीटरचे साडेबारा झाले. म्हणजे घर झालं की पडवी पूर्ण सावलीत.

म्हणून घर एकमजली आणि जागेच्या दक्षिण टोकाला बांधावं. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी त्याची सावली पडवीला लागता कामा नये. मान्य नसेल तर जागा सावाकोची. यासुहिरो रुसेल. रुसू दे, पण गावी ये बाबा.

४. हे कलम मालमत्तेचं नाही. १९७९ च्या जुलैत धाकटे दीर तोकिजी यांना आमच्या जुन्या वाळवणाच्या अंगणालगत दुमजली गोदाम बांधायचं होतं. त्यांनी बांबू धरला, माझे पती शिगेओ यांनी फीत लावली. सावली दोन मीटरसुद्धा भरली नाही. दोघेही खूश. मी चहा घेऊन गेले होते. फळं वाळवणाऱ्यांच्या घरातली मुलगी मी, मला पुढचं दिसत होतं. तोंड उघडलं तर हे म्हणाले, "मोजमापातलं तुला काय कळतं?" मी तबक खाली ठेवलं आणि गप्प बसले. रागाने गप्प बसले. म्हटलं, होऊ दे फजिती.

नोव्हेंबरात अंगणभर सावली आली आणि सगळ्या फळांना बुरशी लागली. तेव्हापासून आम्ही पडवीत वाळवतो. ऊन येणारी तेवढीच जागा उरली. हे भावाशी बोलेनासे झाले ते स्वतः जाईपर्यंत. मुद्दाम जुलैत मोजलं म्हणत गावाने तोकिजीभावजींना लबाड ठरवलं. ते लबाड नव्हते. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, हे माझ्या शिक्क्यानिशी इथे नोंदवते. पंचेचाळीस वर्षं मला याची लाज वाटत आली आहे.

आज वर्षातला सर्वांत लहान दिवस, रिवाजाप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात युझू लिंबं टाकायची आहेत, पाणी तापत आलं आहे, म्हणून आटोपते.

स्थळ: कोशू. दिनांक: २१ डिसेंबर २०२४.
सही व शिक्का: अमेमिया हिसाए

वरील मजकूर आम्हां दोघांसमोर मोठ्याने वाचला गेला व हिसाए यांनी आमच्या देखत सही केली.

साक्षीदार: मिझोगुची हारुए, शेजारीण.

साक्षीदार: अमेमिया तोकिजी, दीर, वय एक्याऐंशी. माझं एक वाक्य खाली घातलं तरच सही करीन म्हणालो, म्हणून ते घालतो आहे: वहिनींनी तेव्हा सांगितलं असतं, तरी मी ऐकलं नसतं.