गिरिजाबाईचा अर्ज

अंबड
२ जून १९९३

ती. गिरिजाआत्यास,
बेबीनंदाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र कुणाचं हे बघायला तू आधी खालची सही वाचशील, त्यापेक्षा मीच सांगते. मी तुझ्या दादाची, रामकिसनची थोरली. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा अकरा वर्षांची होते, आता वीस पूर्ण झाली. अंबडला तातेराव वकिलांकडे टायपिस्ट आहे. अंतरवालीहून रोज येणं-जाणं होत नाही, म्हणून इथंच खोली घेतली आहे. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक उंदीर. उंदीर माझ्या आधीपासून राहतो.

आता खरी गोष्ट. वकीलसाहेबांकडे नव्या कायद्याचं पुस्तक आलं. मनाच्या आजाराच्या लोकांसाठीचा हा कायदा आहे, याच एप्रिलपासून लागू झाला. इंग्रजांच्या वेळचा जुना कायदा गेला. साहेब त्यातलं मला टाइप करायला सांगत होते. एक कलम असं आलं, की मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं दवाखान्यात ठेवलेल्या माणसाला आपण बरे झालो असं वाटलं, तर तो स्वतः मॅजिस्ट्रेटकडे सुटकेचा अर्ज करू शकतो. स्वतः, आत्या! माझं मशीन थांबलं. साहेबांनी विचारलं, रिबन तुटली का? मी म्हटलं, न्हाई साहेब, माझी आत्या आठवली.

नऊ वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही, त्याची लाज वाटते. घरात तुझं नाव निघालं की बाबा उठून गोठ्यात जातात. मग कुणीच नाव काढीनासं झालं. मला एवढंच खरं खरं कळव, तू बरी आहेस का?

उत्तराची वाट रोज पाहीन. माया कमी केली नसशील अशी आशा आहे.

तुझी,
बेबीनंदा

—

महिला वॉर्ड क्र. ४
१४ जून १९९३

चि. बेबीनंदास,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मालनबाईला दोनदा वाचून दाखवलं. मालनबाई म्हणजे माझी शेजारच्या खाटेवरची. सोळा वर्षं झाली तिला इथं. तिचं म्हणणं, तुझा तो उंदीर वॉर्डात पाठवून दे, इथं त्याला जेवण वेळेवर मिळेल. इथली पत्रं ऑफिसात वाचतात, म्हणून मी अक्षर मोठं काढते. त्यांच्या डोळ्यांना त्रास नको.

बरी आहेस का, हा प्रश्न इथं रोज विचारतात, पण उत्तराला कुणी थांबत नाही. तू थांबशील म्हणून सविस्तर लिहिते. तुझे मामा, माझे मालक संपतराव, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले आणि मी माहेरी आले. महिना-सव्वा महिना मला झोप अशी नव्हती. कडब्याच्या गंजीतून मला त्यांचा आवाज यायचा, थंडी वाजतेय म्हणायचे. म्हणून मी गंजी पेटवली. घर थोडक्यात वाचलं. सगळं आठवतं मला. दादानं दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन मला इथं आणलं, ते बरोबरच केलं. वाटेत दादा रडत होता आणि मी त्याला हसत होते.

दुसऱ्या वर्षी आवाज थांबले. आता रोज एक गोळी घेते आणि शिवणखात्यात दोनशे बायकांची लुगडी-झंपर बेतते. इथल्या डॉक्टरीणबाई दरसाल लिहितात, की ही घरी जाण्यास योग्य आहे. तो कागद दादाला जातो. उत्तर येत नाही.

दादावर रागावू नकोस. तो दोनदा भेटायला आल्ता. दुसऱ्या वेळी मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू फुटलं होतं, आणि इथं रडलेलं लिहून ठेवतात. तो शेंगांचं गाठोडं ठेवून उभा राहिला, मग निघून गेला. परत आला नाही.

अर्जाचं म्हणशील तर भीती वाटते, पोरी. मॅजिस्ट्रेट नाही म्हणाला तर? आज निदान माझ्या हाती एक मशीन आहे आणि मनात काही नाही. आशा लावलीस तर मला परत झोप येणार नाही.

जेवत जा. आत्याला विसरू नकोस.

गिरिजा

—

अंबड
१ जुलै १९९३

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी रविवारी अंतरवालीला गेले. वकीलसाहेबांनी मला बजावलं होतं, की वडलांना आधी विचार. तुला ठेवण्याचा अर्ज बाबांनी केला होता, त्यामुळे त्यांनी लेखी मागणी केली तरी तुला सोडतात. कोर्टाची गरजच नाही. जुन्या कायद्यातही हे होतंच. म्हणजे आत्या, नऊ वर्षं नुसत्या एका कागदाचा प्रश्न होता. हे ऐकून मी साहेबांच्या समोरच मोठ्यानं रडले. माझं कुणी लिहून ठेवलं नाही.

बाबा तुरीत खुरपत होते. मी सांगितलं, आत्या बरी आहे. ते खाली बघूनच म्हणाले, मंग पुन्हा पेटवलं तर? मी म्हटलं, ती गोळी घेते, दोनशे बायकांचे कपडे बेतते. मग मी तुझं भिंतीचं वाचून दाखवलं. बाबांनी खुरपं तिथंच टाकलं आणि गोठ्याकडे गेले. संध्याकाळी जेवले नाहीत. आईनं मला खुणेनं सांगितलं, की आज एवढंच पुरे.

म्हणून तुझाच अर्ज सोबत पाठवते. चार वेळा टाइप केला. एकदा मी ‘गिरजाबाई’ केलं, एकदा तारीख चुकली, एकदा साहेबांच्या चहाचा डाग पडला. डाग त्यांचा, बोलणी मी खाल्ली! पेन्सिलीची फुली आहे तिथं सही कर आणि डॉक्टरीणबाईंचा दाखला जोड. जुन्या कायद्यातले हुकूम नव्या कायद्यातलेच धरतात, हेही साहेबांनी पुस्तक उघडून पाहिलं. राहणार कुठं असं विचारलं, तर माझ्या खोलीचा पत्ता घातला आहे. खाट तुझी, मी खाली. उंदराला मी सांगितलं आहे.

आशा लावते आहे. रागावलीस तरी लावणार.

तुझीच,
बेबीनंदा

—

महिला वॉर्ड क्र. ४
१३ जुलै १९९३

चि. बेबीनंदास अनेक आशीर्वाद.

तुझा अर्ज चार दिवस मी कापडाच्या थप्पीखाली ठेवला. पाचव्या दिवशी मालनबाईनं हात धरून विचारलं, सही करतेस का मी अंगठा उठवू? तिचा अंगठा माझ्या नावावर नको, म्हणून सही केली. सही करताना ‘गि’ची वेलांटी लांब गेली. नऊ वर्षांत मी कशावरच सही केली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी अर्ज हसत हसत वाचला. मला वाटलं काही चुकलं. त्या म्हणाल्या, या वॉर्डातून असा पहिलाच अर्ज आहे. दाखला त्याच दिवशी दिला आणि टाइप कुणी केला ते विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, भाचीनं.

कोर्टाची तारीख १७ ऑगस्ट मिळाली आहे. शिवणखात्यात सगळ्यांना कळलं. आता जी ती मला विचारते, जाताना कोणतं लुगडं नेसणार?

दादाला जमेल तसं सांग, मी त्याच्यावर रागावून तोंड फिरवलं नव्हतं.

तुझी आत्या

—

अंतरवाली सराटी
२९ जुलै १९९३

चि. गिरिजास,
दादाचा जयभीम.

पत्र मीच लिहून राह्यलो. चौथीपातुर शिकेल हाय, चूक झाली तर हासू नको. बेबीला लिहाया सांगणार होतो, पर हे दुसऱ्याच्या हातानं लिहिणं बरं न्हाई.

मी रागानं गेल्तो न्हाई बाई. तू तोंड फिरवलं, मला वाटलं ह्या दादाचं तोंड तुला बघायचं न्हाई. म्या तुला कोंडून आल्तो. मंग कोणत्या तोंडानं परत येऊ?

दवाखान्याची पाकिटं यायची. दरसाली एक. सरकारी शिक्का बघितला की पाकीट तसंच पेटीत टाकायचो. मला वाटायचं, तू गेली, तेच कळवलं असंल. पाकीट उघडलं न्हाई तवर तू जिती हायेस, असं धरून चाललो. देवाशपथ सांगतो, एक बी उघडलं न्हाई. परवा बेबीला म्हणलं, आता तूच उघड. तिनं सातीच्या साती उघडली. सातींत एकच लिहेल होतं, रुग्ण बरी आहे, घेऊन जावे.

गिरिजा, मी ओट्यावर बसून डोकं बडवून घेतलं. सात वर्सं तुला घेऊन जा म्हणत होते आन् मी तुझ्या मरणाला भिऊन राह्यलो.

वकील म्हणला, माझ्या एका कागदावर तुला जल्दी सोडतील. कागद लिहून ठेवलाय. कोर्टात हुबं राहायची तुला गरज न्हाई. तू हो म्हण, मी उद्याच निघतो. वहिनीनं तुझ्यासाठी मूग राखून ठिवलेत.

दादाला माफ कर.

रामकिसन

—

महिला वॉर्ड क्र. ४
५ ऑगस्ट १९९३

ती. दादास,
गिरिजाचा शिरसाष्टांग जयभीम.

पत्र मिळालं. मी खूप रडले, सगळ्यांच्या समोर. सिस्टर वही घेऊन आल्या, पत्र वाचलं, आणि वही मिटून माझ्याशेजारी बसल्या.

माफी कसली मागतोस? मीही नऊ वर्षांत तुला कधी लिहिलं नाही. तू भिऊन बसलास, मी रुसून.

पण तुझा कागद पाठवू नकोस. राग नाही, मनातलं सांगते. मी इथं आले ती तुझ्या सहीनं. तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि विचारून उपयोगही नव्हता. आता मी शहाणी आहे, तर मला कुणीतरी विचारू दे. मॅजिस्ट्रेट नाही म्हणाले, तर तुझा कागद आहेच, तोवर खिशात ठेव. तू फक्त ये आणि मागच्या बाकावर बस. मला दिसशील असा बस.

वहिनीला सांग, मूग सगळे संपवू नका.

तुझी बहीण,
गिरिजा

—

अंबड
९ सप्टेंबर १९९३

प्रिय मालनबाईस,
गिरिजाचा सप्रेम नमस्कार. हे पत्र सिस्टरांकडून वाचून घे, आणि त्यांनी मधलं गाळलं तर त्यांना दम दे.

कोर्टातलं तुला सांगायचं राहूनच गेलं. सुटण्याच्या गडबडीत तू माझी वेणी घालत होतीस आणि मी रडत होते, बोलणार कधी? मॅजिस्ट्रेट बेबीहून दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. नाव, वार, तारीख विचारली. मी म्हटलं, मंगळवार, सतरा ऑगस्ट, आणि परवा झेंड्याला आम्हाला बुंदी दिली, तुम्हाला काय दिलं? शिपाई खोकला. मग साहेबांनी विचारलं, तुम्हाला दवाखान्यात का ठेवलं माहीत आहे का? मी गंजीचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, पुन्हा आवाज आले तर काय कराल? बाई, याच प्रश्नाला मी महिनाभर भीत होते. पण तोंडातून आपोआप आलं, की माझ्या पायांनी डॉक्टरीणबाईंकडे येईन, आपल्या मर्जीनं दाखल होता येतं असंही नव्या कायद्यात आहे. साहेबांनी पुस्तक उघडलं, पान काढलं आणि म्हणाले, हो, आहे.

तेवढ्यात दादा मागच्या बाकावरून उठला. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, साहेब, चूक माझी हाय, तिला काय विचारता, मला विचारा. साहेबांनी त्याला सांगितलं, तुम्ही बसा, अर्ज यांचा आहे. दादा खाली बसला. मालन, माझं बोलणं पुरं व्हावं म्हणून दादाला कुणी गप्प बसवल्याचं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. हसू आवरेना. साहेबही हसले आणि त्यांनी हुकूम लिहायला घेतला.

घरी येऊन तीन आठवडे झाले. पहिले काही दिवस गावातल्या बायका दारावरून हळू चालायच्या. मग वहिनीनं माझ्या हातचा झंपर घालून पाणवठ्यावर दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या. आता आमच्या ओट्यावर कापडांची रांग आहे आणि मशीनचं पायडल थांबत नाही. दादा मात्र पहिला आठवडाभर माझ्या मागं मागं हिंडायचा. मी विहिरीवर गेले की त्याला बैलाला पाणी पाजायचं आठवायचं. त्या बैलाचं पोट फुगायची वेळ आली! नऊ वर्षांची भीती आहे, तिला जायला वेळ लागणारच.

तुझा अर्ज याच पाकिटात आहे. तुला येऊन घेऊन जाणारं कुणी उरलं नाही, हे मी वकीलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, अर्ज करायला नातेवाईक लागतच नाही, आणि सहीच्या जागी अंगठा चालतो. दाखल्याचं डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं आहे. राहणार कुठं असं मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, तर अंतरवाली सराटी, रामकिसनचं घर, असं सांग. दादाला विचारूनच लिहिते. तो म्हणाला, येऊ दे, मंग माझ्या पाठीमागं बोलायला तुमी दोघी हुताल. मला भीती वाटली तशी तुलाही वाटेल. चार दिवस कापडाखाली ठेव हवं तर. पाचव्या दिवशी काढ.

हे पत्र मी बेबीच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. सकाळी घरी म्हटलं, अंबडला जाऊन मालनचा अर्ज टाइप करून आणते, दोराही संपलाय. दादा दोरखंड वळत होता. त्याचे हात थांबले. मी उंबऱ्यातच उभी राहिले. मला वाटलं, आता म्हणेल, थांब, मी येतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दोरखंडाला पुन्हा पीळ घातला आणि म्हणाला, येताना माझ्यासाठी तंबाखू आण, मागच्या वेळची कडू निघाली.

मी चौकात येऊन एस.टी.त चढले. खिडकीजवळची जागा मिळाली. दोन्हीकडं कापूस कमरेला लागला होता. कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, मागं बघितलं, आणि विचारलं, बाई, संगं कोण हाय?

मी म्हटलं, कुणी न्हाई. एकच द्या.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
गिरिजा