धाकटीने लिहिलेला भाग

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदाला मध्येच गप्प करता येत नाही, म्हणून हे.

तुझ्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर आपण ते पोर्टल उभं केलं. ऑफिसातल्या सगळ्यांनी आपापल्या जागेवरून एकाच पानावर मिळून काम करायचं, ही कल्पना तुझी, मान्य. पण दोघांनी एकाच क्षणी लिहिलं तर एकाचं लिहिलेलं पुसलं जाऊ नये, हा भाग माझा. चार महिने त्याच्याशी झोंबत होते. वहिनी चहा ठेवून जायची, त्यावर साय धरायची. मग पैसे गुंतवणारी मंडळी आली आणि तू माझी ओळख करून दिलीस, ही घरचीच, हाताखाली मदत करते. मी हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आपलं भांडण झाल्यावर तू माझं नाव असलेली एकूण एक फाइल वेचून पुसलीस, आत काय आहे ते न वाचता. त्यातच तो माझा भागही गेला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, तो हाच. छोट्या ऑफिसांत एकाच वेळी लिहितंय कोण? चार वर्षं तुझं झाकून गेलं.

परवा आईचा फोन आला. हॉस्पिटलात तू पोर्टल दाखवत होतास, दोन नर्सनी एकाच पेशंटचं पान उघडलं आणि एकीने लिहिलेला औषधाचा डोस सगळ्यांदेखत गायब झाला. मंगळवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काम विसरा, असं त्यांनी तुला सुनावलंय म्हणे. आई रडवेली झाली होती. मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवले.

मागायलाही तू स्वतः आला नाहीस, आईला पुढे केलंस. जुना भाग असेल तुझ्याकडे, देऊन टाक, भावाबहिणीत कसला मानपान, असं म्हणत होती बिचारी. मी म्हटलं, दिलाय गं, काळजी करू नकोस. तिचा जीव भांड्यात पडला. कुणाला दिला, ते तिने विचारलं नाही, म्हणून तुला कळवतेय. मंगळवारी हॉस्पिटलात तुझ्या पाठोपाठ जी दुसरी कंपनी आपलं पोर्टल दाखवायला येणार आहे, तिचं पोर्टल मी लिहिलंय, आणि त्यावर माझं नाव आहे.

तुझीच,
सख्खी बहीण