शनच्या आधीचा शेंगदाणा

माय,

आज नांदेडच्या माझ्या वर्गात मी फळ्यावर ‘इम्युनायझेशन’ हा शब्द लिहिला आणि टेबलावर तुरीचे दाणे मांडायला लागले. पोरी हसल्या. म्हटलं, लांब शब्दाला भ्यायचं नाही, त्याचे तुकडे करायचे. दाणे मांडणारा हात माझा होता, पण रीत तुझी.

तू अहमदपूरजवळच्या आपल्या गावात अंगणवाडी चालवायचीस. तालुक्याच्या बैठकीत उभं राहून अहवाल वाचायची पाळी पहिल्यांदाच तुझ्यावर आली होती आणि त्यात हे लांबलचक इंग्रजी शब्द. मी लातूरला अकरावीला, सुट्टीत घरी आलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. तू स्वयंपाकघरात सूप घेऊन बसलीस. मी शब्द म्हणायचा आणि तू त्याच्या एकेका तुकड्याला तुरीचा दाणा ठेवायचीस. जिथं जोर येईल तिथं शेंगदाणा. इम्, यु, नाय, झे, शन. चौथ्या जागी शेंगदाणा. मग व्हॅक्सिनेशन, रजिस्ट्रेशन, न्यूट्रिशन. चार ओळी होतात आणि तू सूप माझ्याकडं सरकवतेस, डोळे चमकतायत तुझे.

“बग की, शनच्या आधी दर बारीला शेंगदाणाच यायलाय.”

“तुला काय कळतंय गं इंग्रजीतलं? पाठ कर गपचूप,” मी म्हणाले आणि सूप उचलून सगळं एकाच डब्यात ओतलं. तू मेथी निवडायला घेतलीस.

दुसऱ्या दिवशी बैठकीहून आलीस तेव्हा मी विचारलं, कसं झालं? “शेजारच्या गावच्या बाईनं वाचला माजा कागद. मला न्हाई जमलं.” त्यानंतर तू मला एकही शब्द विचारला नाहीस. तीन वर्षांनी तू गेलीसच.

बी.एड.ला असताना उच्चारांच्या पुस्तकात तो नियम छापलेला दिसला. शेवटी शन असेल तर जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. ग्रंथालयात बसून मी रडले. तू चार शब्दांत जे शोधलंस ते मी डब्यात ओतलं होतं. याची लाज वाटते, माय, अजून वाटते.

हे पत्र पाठवायचं कुठं? वहीतच राहील. पण एक सांगायचं उरलंय. आज तास संपताना एका पोरीनं विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” हातात शेंगदाणा होता. मी म्हणाले, “पुस्तकात आहे.”